अंधाराचं भाडं

जुलै-ऑगस्टात सकाळचं वर्तमानपत्र घरात आलं की वडील पहिल्या पानावरचं राजकारण ओलांडून थेट आतल्या एका चौकटीकडे जात. तिथे धरणांतल्या पाण्याचे आकडे असत. कोयना, वारणा, उजनी, राधानगरी. बाकीच्यांवरून नजर फिरवायची आणि कोयनेपाशी थांबायचं. "सत्त्याहत्तर झाले," असं ते चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून आई हमखास "बरं झालं" म्हणायची. काय सत्त्याहत्तर, कशाचे, हे विचारायची गरज कुणालाच नव्हती. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, एवढं पाठ होतं. पण अब्ज घनफूट पाणी डोळ्यांपुढे उभं करायला जे डोळे लागतात ते डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कुणाकडे असणार? तरी नव्वदी ओलांडली की घरात एक मोकळेपणा येई, आणि शंभरी गाठली की वडील लांबच्या पुतण्याला सरकारी नोकरी लागल्यासारखे दिवसभर प्रसन्न असत. धरण पूर्ण भरलं तर 105 टीएमसी मावतात. ते भरलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही, रिकामंही पाहिलं नाही. त्यांचा कोयनेशी संबंध म्हणजे बाहेरच्या खोलीतला चाळीस वॅटचा बल्ब. तो कोयनेवर चालतो असं त्यांचं ठाम मत होतं. तो फडफडायला लागला की बल्ब बदलण्याआधी ते पावसाची चौकशी करत.

त्यामुळे कोयनेचा शिवसागर जलाशय मला आधी आकडा म्हणून भेटला. त्याला रंग आहे हे कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढला की कासचं पठार लागतं. भाद्रपदात इथे माणसांनाच फुलांमधून वाट काढावी लागते. डिसेंबरात मात्र पठार तांबूस, खरखरीत आणि अगदी निवांत असतं, फोटो काढणारे निघून गेल्यावर स्वतःचं आयुष्य जगत पडलेलं. तिथून बामणोलीच्या बाजूला उतरताना एका वळणावर पाणी दिसतं. ते सलग दिसत नाही. इथे एक तुकडा, दोन सोंडांपलीकडे दुसरा, आणि लांब तापोळ्याच्या अंगाला, जिथे सोळशी आणि कांदाटी कोयनेला येऊन मिळतात, तिथे तिसरा. सह्याद्रीने कुणाचं तरी पत्र वाचता वाचता फाडून टाकावं आणि त्याचे निळे कपटे दरीदरीत अडकून राहावेत, तसा हा जलाशय. पलीकडे रान. त्या रानावर दुपारची उन्हं इतकी सावकाश सरकत होती की आमच्या गाडीचा वेग मला एकाएकी असभ्य वाटायला लागला.

आम्ही तिघे होतो. मी, मेहुणे, आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही, ज्यांना निवृत्तीनंतरही सगळे साहेब म्हणतात. काठावर तंबूत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी नावेने पलीकडे जाऊन वासोटा गड चढायचा, असा बेत. तंबूची व्यवस्था एका शेतात होती. भाताची खाचरं टप्प्याटप्प्याने पाण्यापर्यंत उतरत गेलेली, आणि शेवटच्या खाचरात निळे-नारिंगी तंबू. संध्याकाळी चहा-भजी, रात्री चुलीवरचं जेवण, शेकोटी, सकाळी पोहे. शहराच्या गोंगाटापासून दूर, अस्पर्श निसर्गाच्या कुशीत, असं फलकावर लिहिलेलं. फलकाला रात्री दिसावं म्हणून एक दिवाही होता.

अस्पर्श या शब्दाशी मी जरा थबकलो. समोरचं तळं माझ्या थोरल्या भावाहून फारसं मोठं नाही. साठच्या दशकात खाली देशमुखवाडीजवळ 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली, तेव्हा या खोऱ्यात पाणी चढत गेलं. त्याआधी इथे नदी होती, नदीकाठी शेतं होती, गावं होती, जत्रा होत्या. गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी सांगलीकडे, कुणी ठाण्या-रायगडात. कुणी फार लांब न जाता पाण्याच्या पुढे पुढे डोंगर चढत राहिलं आणि पाणी थांबलं तिथे थांबलं. पुनर्वसनासाठी कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे अजून निघतात. पलीकडच्या काठावर 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि उरलेल्या वस्त्याही हळूहळू हलल्या. रान जुनं खरं, पण त्याचा एकांत नवा आहे. माणसांनी रिकामी केलेली जागा झाडांनी इतक्या मुकाट्याने भरून काढली की आता आपण तिथे जाऊन, इथे कधी कुणी आलंच नव्हतं, अशा भावनेने खोल श्वास घेतो. श्वासही चांगला जातो, हे कबूल केलं पाहिजे.

तंबूच्या मालकाची आई आम्हाला चहा द्यायला आली. आम्ही तिला मावशी म्हणालो. तिने आम्हाला पावणं म्हटलं आणि विषय संपला. तिचं जुनं घर कुठे होतं असं मेहुण्यांनी विचारलं, तर तिने बशी धरलेल्या हातानेच पाण्याकडे बोट केलं. "त्या नावंच्या जरा अलीकडं." नाव चालली होती. मावशी ज्या सहजतेने ते म्हणाली त्या सहजतेने नावही पुढे गेली, आणि घर क्षणभर नावेच्या अलीकडे होतं ते नावेच्या पलीकडे झालं. ती लग्न होऊन आली ते वरच्या घरात. खालचं तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं. सासूने इतक्या वेळा दाखवलं होतं की आता तेही तिच्याच नावावर झालं होतं.

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. आमच्या फोनमध्ये अकरा-बारा टक्के उरलेले. तंबूत एक सौर कंदील होता, बाकी काही नव्हतं. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, समोरच्या अथांग पाण्याकडे पाहिलं, आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "इथे चार्जिंगची काही सोय?"

महाराष्ट्राच्या वीजघराच्या दारात उभं राहून असा प्रश्न विचारण्यात जी गंमत होती ती साहेबांच्या लक्षात आली नाही, आणि मी ती दाखवून दिली नाही. हे समोर दिसतंय ते नुसतं पाणी नव्हे. नवजाच्या बाजूने ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत शिरतं, आणि सह्याद्रीची धार ओलांडून पलीकडे कोकणात साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, ते पोफळीच्या भुयारातल्या चक्रांवर. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये या तळ्याला खालून भोक पाडलं. पाणी न उपसता, भरल्या तळ्याखाली खडकाचा शेवटचा पापुद्रा सुरुंगाने उडवून. लेक टॅपिंग असं त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं, आणि वडिलांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. असल्या तळ्याच्या काठी तीन सुशिक्षित माणसं एका साध्या प्लगसाठी कासावीस झाली होती. "घरात लावा की," मावशी म्हणाली. "पर मधी मधी लाइट जाती हां. आमच्याकडं आलीच लय उशिरा, आता जायची घाई." तीन फोन पदरात घेऊन ती वर निघून गेली.

सूर्य वासोट्यामागे गेला. आता इथे एक गोष्ट मला फार दिवस सांगायची होती. पाण्यावरच्या वीजकेंद्राचा गुण असा, की ते काही मिनिटांत सुरू करता येतं आणि काही मिनिटांत थांबवता येतं. कोळशाच्या भट्टीला असं उठ-बस करता येत नाही. म्हणून कोयनेला कामाला लावतात ते मुख्यतः गर्दीच्या वेळी, सकाळी बंब-गीझर लागतात तेव्हा आणि संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा. म्हणजे आम्ही तंबूतला कंदील मालवून, मान वर करून, आहाहा काय अंधार, असं म्हणत होतो नेमक्या त्याच वेळी आमच्या पायाशी हे तळं घाईघाईने दिवेलागणी करत होतं. कुठल्या तरी ठाण्यातला जिना, कुठल्या तरी नाशकातलं औषधाचं दुकान, कुणाच्या तरी देवघरातली लाल बत्ती, सगळ्यांकडे थोडं थोडं पाणी चाललेलं. पाण्यावर साधी लहर नव्हती. इतकं काम इतक्या निश्चल चेहऱ्याने करणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. एक आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई सोडल्या तर.

अंधार मात्र खरा होता. पूर्वेला कासच्या धारेमागे साताऱ्याचा फिकट पिवळा धूसरपणा होता, तेवढाच काय तो डाग. त्या धारेवरून मृग नक्षत्र आडवं होऊन वर आलं, मागोमाग व्याध. कृत्तिकांचा पुंजका आधीच वर जाऊन बसला होता. तंबूवाल्याने शेकोटी विझवली तेव्हा शेजारच्या तंबूतल्या तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अंधाराला टाळ्या! मला भारनियमनाचे दिवस आठवले. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास डोंबिवलीत रोज काही तास वीज जायची, वेळापत्रकानुसार, आणि वेळापत्रकाबाहेरही. अंधार तेव्हा घरपोच मिळायचा आणि त्याचं काही पडत नसे. वीज गेली की आख्खी इमारत आधी एकमुखाने "गेली" म्हणायची, मग गॅलरीत यायची. एरवी वर्ष वर्ष न बोलणारे लोक कठड्यावर कोपर टेकून गप्पा मारायचे. चौथ्या मजल्यावरच्या आजींचा आवाज गोड आहे हे आम्हाला भारनियमनाने कळवलं. त्या अंधारातच गात. वडील हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत कोयनेची बाजू मांडत असायचे: पाऊस कमी झाला, ती तरी काय करील. मग वीज यायची, पुन्हा एकमुखाने "आली", आणि दारं धडाधड लागायची. त्या अंधाराला आम्ही मनापासून शिव्या दिल्या. आता तोच, फक्त थोडा गार आणि चांदण्या लावलेला, माणशी दर ठरवून विकत घेत होतो. आणि आजी गात नव्हत्या म्हणून मला तो किंचित महागच वाटला.

जेवताना साहेबांनी नद्यांचा हिशेब मांडला. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. एकाच डोंगरावरून निघून वेगवेगळ्या दऱ्यांनी गेलेल्या. सह्याद्रीतल्या नद्या बहुतेक पूर्वेला तरी धावतात नाहीतर पश्चिमेला. कोयना मात्र डोंगराच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला चालत राहते, काही तरी आठवत असल्यासारखी, आणि हेळवाकला पोचल्यावर एकदम पूर्वेला वळते. मग कऱ्हाडला दोघी बहिणी अशा समोरासमोर येतात की नदीने नदीला भेटण्याची ती रीतच नव्हे. लोक त्याला प्रीतिसंगम म्हणतात. "पण सगळी कुठे पोचते?" साहेब म्हणाले. दरवर्षी 67.5 टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादाने मुभा दिली आहे. ते पोफळीत उतरतं, वाशिष्ठीला मिळतं, आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. ज्याने बंगालच्या उपसागराचा रस्ता धरला होता, ते बोगद्यातून पलीकडे उतरून दाभोळच्या खाडीला लागतं. भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यात बुडवत मेहुणे म्हणाले, "म्हणजे पाण्याचीही बदली होते." साहेबांच्या नोकरीत एकूण बऱ्याच बदल्या झाल्या होत्या; त्यांनी मान डोलावली, आणि उठून हात धुतल्यावर पाण्याच्या काठाला, नेमक्या ओल्या रेषेवर, एक दगड ठेवून आले. सकाळी बघू म्हणाले.

तंबूत झोपण्याबद्दल लोक जे सांगतात ते साधारणपणे सकाळनंतर सांगतात. रात्री पाठीखालची जमीन हळूहळू आपला भूगोल शिकवते. इथे तर जमिनीला बोलायची सवय आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, तो खोऱ्यातल्या प्रत्येक घराने जपलेला आहे. जेवण वाढताना मावशीनेही सासूकडून आलेली आपली आवृत्ती सांगितली होती, भांडी कशी मांडणीवरून चालत खाली आली ती. अजूनही अधूनमधून सौम्य धक्के बसतात. मध्यरात्री साहेबांनी मला हळूच हाक मारली. "हललं का?" मी कानोसा घेतला. मेहुणे कुशीवर वळत होते. स्लीपिंग बॅगेत वळणारा भरदार माणूस ही एक भूगर्भीय घटनाच असते. "त्यांचं आहे," मी म्हणालो. थोड्या वेळाने साहेबांनीच विचारलं, "रिश्टर किती?" आणि मग आम्ही दोघे, दोन चाळिशी-साठीचे पुरुष, तोंडात कानटोपी कोंबून हसत राहिलो. बाहेर टिटवी ओरडून गेली. पाण्याचा आवाज मुळीच नव्हता.

सकाळी दगड कोरडा होता, आणि त्याच्या पुढे वीतभर चिखल. साहेब उकिडवे बसून त्या चिखलाकडे कितीतरी वेळ पाहत होते. रात्रीत महाराष्ट्राने एवढं पाणी जाळलं. "ही आपली गॅलरीतली ट्यूब," ते एका बोटाने रेघ दाखवत म्हणाले, "आणि हा बहुतेक तुमचा फ्रीज." वडील असते तर त्यांनी हा आकडा लगेच टीएमसीत काढायला घेतला असता, आणि चुकला असता तरी कोयनेच्या बाजूनेच चुकला असता.

वासोट्याची गोष्ट थोडक्यात सांगायला हरकत नाही, कारण ज्यांनी तो चढला आहे ते सगळे लांबवून सांगतात. बामणोलीहून वनखात्याचा परवाना, मग यांत्रिक नाव, लाइफ जॅकेट, तासाहून जास्त पाण्यावरचा प्रवास, मग मेट इंदवलीचा काठ. रानात शिरण्याआधी तुमच्याजवळच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. परतताना तेवढ्याच दाखवायच्या. साहेबांना ही पद्धत फार आवडली. एका गोळीच्या कागदाची वेगळी नोंद करा असा त्यांनी आग्रह धरला, आणि वनरक्षकाने, अशा माणसांची सवय असल्यासारखी, ती केली. नंतर ओढा, मारुती, आणि उन्हाला वर्ज्य केलेली झाडी. शेकरू एकदा दिसलं, म्हणजे त्याचं शेपूट दिसलं. भेकर ओरडलं ते ऐकू आलं. गव्याची पावलं चिखलात होती, आमच्या वाटेच्या बरोबर मधोमध आणि आमच्याहून जास्त ठाम.

गड 1171 मीटर उंच. शिवाजी महाराजांनी त्याला व्याघ्रगड नाव दिलं. पुढे पेशवाईत ताई तेलिणीने तो बापू गोखल्यांविरुद्ध काही महिने लढवला, तिची आठवण साताऱ्याच्या बाजूला अजून कौतुकाने काढतात. मला जास्त गुंतवून ठेवलं ते वेगळ्या गोष्टीने. इतका दुर्गम, इतका दाट रानातला म्हणून हा गड कैदी ठेवायला वापरत. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्यांचेच दोन अधिकारी वर कैदेत होते. त्यांची मनःस्थिती मी वरच्या टाक्याजवळ बसून कल्पून पाहिली. खाली बाबूकड्याची उभी कोसळण, पश्चिमेला निळं होत गेलेलं कोकण, पूर्वेला रानच रान, कुठून कसला निरोप नाही, वर्तमानपत्र नाही, कुणी हाक मारत नाही. हीच सगळी यादी आमच्या तंबूवाल्याच्या फलकावर सुविधा म्हणून दिलेली होती. फरक इतकाच की त्यांना इथून सोडत नव्हते, आणि आम्हाला राहू देत नव्हते. वासोट्यावर मुक्कामाला आता बंदी आहे. संध्याकाळच्या आत रान सोडावं लागतं. दोन शतकांत शिक्षा उलटी झाली. उतरताना मेहुणे दोनदा मागे वळून बघत म्हणाले की एक रात्र ठेवायला काय हरकत आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या जागी त्यांना ठेवलं असतं तर गड पडलाच नसता, असं मला वाटून गेलं. त्यांनी उठायला नकार दिला असता.

प्लास्टिकची मोजणी झाली. गोळीचा कागद साहेबांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून, नोटांच्या मागून काढून दिला. अनामत परत मिळाली. नावेत सगळे गप्प होते, पाय दुखत असल्यामुळे. फोन आम्ही नेलेच नव्हते. रानात रेंज नसते, आणि रात्री मधे वीज गेल्याने सकाळी त्यांचं पोट अर्धंच भरलेलं होतं. मावशीने ते दिवसभर लावून ठेवते म्हणून सांगितलं होतं.

तिने ते तिन्ही फोन तांदळाच्या डब्यावर ओळीने मांडून ठेवले होते. वरून एक स्वच्छ रुमाल, धूळ बसू नये म्हणून. शंभर टक्के. साहेबांनी भक्तिभावाने आकडा वाचला. मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमच्या तिकडं रातभर लाइट असती म्हनं. रस्त्यावर, जिन्यात, समद्या खिडक्यांतनी."

"असते," मेहुणे म्हणाले, जरा अभिमानानेच.

"मग झोपता कसं?"

"पडदे लावतो ना."

मावशी एवढी हसली की तिला सूप खाली ठेवावं लागलं. आत सुनेला हाक मारून तिने ते पुन्हा सांगितलं, आणि सूनही हसली. आम्हीही हसलो, अर्थात थोडे उशिरा. चार्जिंगचे पैसे तिने काही केल्या घेतले नाहीत. चहाचे मात्र घेतले, ते मोजून, आणि एक चहा जास्त लावून. तो कोण प्यायलं यावर यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत आमची चर्चा चालू होती. साहेबांचं म्हणणं आपण तिघांनी मिळून आठच घेतले. मेहुणे म्हणत होते की सकाळी दगड बघायला गेलात तेव्हा तिथे एक आणून दिला होता, तो तुम्ही धरला का?